आवळ-सैल

गळ्यातला हार कोणत्या कपड्यावर कुठपर्यंत यावा, हे ठरवणाऱ्या काही वस्तू, काही माणसं आणि काही सवयी कमी होत चालल्या आहेत. त्यांची ही टिपणं. दागिने स्वतः गेलेले नाहीत. तुळशीबागेत ठुशी टांगलेली नाही असं दुकान आज शोधावं लागेल. पण ती ठुशी कोणाच्याही गळ्यात जिथे बसेल तिथे बसते, आणि आपण ते चालवून घेतो.

बोटं. हाराचं माप बोटांत असे. ठुशीखालून एक बोट सहज सरकलं पाहिजे. एका हाराच्या खालच्या कडेपासून दुसऱ्याच्या वरच्या कडेपर्यंत दोन बोटं मोकळी हवीत, नाहीतर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि लांबून एकच ढीग दिसतो. मंगळसूत्राच्या वाट्या गळ्याच्या खळीपासून चार बोटं खाली की वीतभर, हे घरोघरी वेगळं. बोटं अर्थातच घालणारीची. अंगाने भरलेल्या बाईची बोटंही भरलेली, म्हणून तिच्या दोन हारांतली जागा आपोआप थोडी जास्त सुटे आणि अंगाला शोभे. टेपच्या इंचात ही सोय नाही.

दोरा आणि गोंडा. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज, हे सगळे समोरून दिसतात तेवढेच सोन्याचे किंवा मोत्यांचे. मानेच्या मागे दोरा. लाल, काळा, हिरवा, रेशमाचा. हौस असेल तर त्यात कलाबतू वळलेला. दोन्ही बाजूंचे दोरे एका सरकत्या गाठीतून जातात आणि शेवटी गोंड्यात अडकतात. गाठ मानेकडे ढकलली की हार वर चढतो, गोंड्याकडे ओढली की खाली उतरतो. यंत्र म्हणून पाहिलं तर इतकं साधं दुसरं काही नसेल. आकडा नाही, फासा नाही, मळसूत्राची फिरकी नाही, मोडण्यासारखं काहीच नाही.

या दोऱ्यामुळे परकर-पोलक्यातल्या बारा वर्षांच्या मुलीची ठुशी तीच बाई साठीची झाली तरी घालू शकत असे. सोन्याला हात लावावा लागत नसे. दोऱ्यामुळे सोनंही वाचे: मान, त्यावर अंबाडा, त्यावर पदर, तिथे दोन मासे सोनं लपवून ठेवायला कोणाला परवडत होतं? आणि कपडा बदलला की लांबी बदलता येई. बंद गळ्याच्या पोलक्यावर बोरमाळ खाली सोडायची, चोळीवर तीच वर ओढायची. आरशासमोर उभं राहून, दोन्ही हात मागे नेऊन, एकदा वर एकदा खाली.

दोरा का गेला, याची कारणं समजण्यासारखी आहेत. घामाने तो काळवंडतो, त्याला वास येतो, आणि पाठीचा गळा खोल कापलेल्या ब्लाऊजवर तो मळका दोरा सगळ्यात आधी दिसतो. शिवाय एवढे पैसे मोजल्यावर मागेही सोनंच हवं, हा ग्राहकाचा हट्ट. सोनाराला काय, जितकं वजन तितकी घडणावळ. त्याने मागे साखळी जोडली, तिला आकडा लावला, आणि हार एका लांबीवर कायमचा थांबला. गंमत अशी की गोंडा पाठीवरून गेला आणि थोड्याच वर्षांत शिंप्याने ब्लाऊजच्या मागच्या नाडीला लटकन लावून दिलं. दिसायला तेच. ओढलं तर फक्त ब्लाऊज आवळतो.

पटवेकरी. रेशमात दागिने गाठवून देणारा माणूस. सोनाराच्या पेढीशेजारी, बहुतेक ओट्यावर किंवा जिन्याखालच्या फळीएवढ्या जागेत. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, तो ताणून धरायचा आणि दोन्ही हात गाठी मारायला मोकळे ठेवायचे. सोनार दागिना घडवी. तो गळ्यात कुठे बसेल हे पटवेकरी ठरवी, तेही बाईला समोर बसवून. मान आखूड आहे का, खांदे उतरते आहेत का, लुगडं नेसते की पाचवारी, रोज घालणार की सणाला. एवढं विचारून तो दोरा कापे. रोजच्या वापराला जाड दोरा, मोत्यांना बारीक आणि मजबूत, मोत्याच्या भोकाला कापणार नाही असा.

दोरा विरतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी हार पुन्हा गाठवून घ्यावा लागे. आज हे कटकटीचं वाटेल. पण त्या निमित्ताने दरवेळी लांबीचा फेरविचार होई. बाळंतपणानंतर अंग सुटलं, आजारपणात उतरलं, सासू गेली आणि तिची माळ आपल्याकडे आली, असं प्रत्येक वळण पटवेकऱ्याला ठाऊक असे. पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचे जुने दागिने सणांआधी पटवेकऱ्यांकडून गाठवून घेण्याची रीत अजून आहे. देवांचं माप बदलत नाही, दोरा मात्र तिथेही विरतोच. शहरातल्या बाजारपेठांत मात्र पटवेकरी आता पत्ता विचारत शोधावा लागतो, आणि सापडला तरी तो मुख्यतः राख्या, मुंडावळ्या आणि नायलॉनवर ओवलेली मंगळसूत्रं विकत असतो.

गोंड्याच्या जागी आलेली वस्तू: वाढीव साखळी. दोन-तीन इंचांची, कड्याकड्यांची, शेवटी एक थेंबासारखा मणी. आकडा कोणत्याही कड्यात अडकवा. काम तेच, पण अडखळत. आणि ती मागे लोंबताना इतकी अपुरी दिसते की बायका ती केसांखाली ढकलतात.

उसनं घेणं. लग्नाला जाताना जावेची चिंचपेटी, शेजारणीचा तन्मणी, आत्याचा लक्ष्मीहार घालून जाणं यात कमीपणा नव्हता. मुंबईच्या चाळीत तर एकच तन्मणी वर्षाला चार-पाच गळ्यांत फिरे, असं जुन्या बायका सांगतात. हे दोऱ्याशिवाय जमलं नसतं. आता कोणी कोणाचा हार मागत नाही, त्याला भीती आणि विमा अशी मोठी कारणं आहेतच. पण मागितला तरी तो बसायचा नाही.

खणाची चोळी. तिचं नाव दागिन्यांच्या यादीत कसं, असं वाटेल. पण ठुशीची जागा त्या चोळीने करून दिली होती. गुळेदगुड्डचा खण, पुढे गाठ, बाह्या घट्ट, गळा रुंद आणि खाली उतरता. म्हणजे गळ्याच्या खळीपासून छातीच्या सुरुवातीपर्यंत उघडी त्वचा, आणि तिच्या वरच्या टोकाला ठुशीचा बारीक मण्यांचा घट्ट विणलेला पट्टा. खाली मोकळी जागा असेल तरच ठुशी ठुशीसारखी दिसते. नेमकी तीच जागा बोटनेक ब्लाऊजने भरून टाकली. ठुशीखाली लगेच कापड सुरू होतं, मग ती कापडाची किनार होऊन बसते. मान आखूड असली तर तीही गिळली जाते. मला विचाराल तर बोटनेकवर ठुशी घालूच नये. त्यापेक्षा कॉलरच्या शर्टावर घालावी. वरची दोन बटणं उघडी, कॉलरच्या आत ठुशी. शर्टाचा तो त्रिकोणी गळा म्हणजे जवळजवळ चोळीचाच गळा. हा शोध मुलींनी लावला, आणि आयांनी नाकं मुरडली, तरी मुलींचं बरोबर आहे.

सरी. सोन्याची किंवा चांदीची ताठ कडी, गळ्याभोवती. आवळ नाही, सैल नाही, एकच माप. घडवतानाच मान मोजावी लागे. म्हणून ती सर्वांत आधी मोडीत गेली.

वज्रटीक अजून दिसते, तिच्या मागची कापडी गादी दिसत नाही. मण्यांच्या त्या रुंद पट्ट्याला आतून मऊ कापड शिवलेलं असे, बहुधा लाल. त्याने सोनं त्वचेला टोचत नसे, घाम कापडाला लागे आणि पट्टा मानेवर घसरत नसे. आजच्या नकली वज्रटिकेच्या आत पत्राच असतो. घातल्यावर अर्ध्या तासात ती अर्धं बोट खाली येते. मग फोटोत सगळ्याजणी एका हाताने गळ्याशी काहीतरी करताना दिसतात.

तन्मण्याचं खोड कुठे यावं याबद्दल पूर्वी मतभेद नव्हते. मोत्यांचे सर दोन्ही बाजूंनी उतरतात आणि खड्यांचं खोड बरोबर गळ्याच्या खळीखाली टेकतं. तिथे खाली हाड असतं, म्हणून ते उलटत नाही. दोन बोटं खाली सोडलं की वळलंच. पुण्याकडच्या मोत्यांच्या दागिन्यांत हा हिशेब फार पक्का होता, कारण मोती वजनाला हलके आणि खोड जड. ज्या घरांत जुना तन्मणी आहे तिथले मोती बसऱ्याचे आहेत असं हमखास सांगितलं जातं. काहींचे असतातही. इराणच्या आखातातला हा माल मुंबईच्या बाजारातून सगळीकडे जाई. जपानी मिकिमोतोचे कल्चर मोती १९२० नंतर जगभर पसरले, त्यात १९३० ची मंदी आली आणि आखातातला तो धंदा बसला. तन्मण्याच्या लांबीवर याचा परिणाम असा की नव्या मोत्यांचे दाणे मोठे आणि एकसारखे झाले, सर जाडे झाले, आणि हार गळ्यालगत बसेनासा झाला. हळूहळू तन्मणी म्हणून जे विकलं जातं ते छातीपर्यंत उतरलं. पैठणीच्या ब्लाऊजच्या काठावर ते खोड आता नेमकं आपटतं. हाराचं टोक आणि ब्लाऊजची कड एकाच रेषेत येणं, ही जुन्या बायकांच्या दृष्टीने सर्वांत वाईट लांबी. हार एक तर कडेच्या दोन बोटं वर संपावा, नाहीतर सरळ खाली उतरावा.

पुतळ्या. गोल चकत्यांची माळ. तिचं मूळ व्हेनिसच्या डुकाट नाण्यात आहे. ते १२८४ पासून पाडलं जाई, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. व्यापारातून ते दख्खनेत आलं, त्यावरच्या आकृत्यांमुळे त्याला पुतळी म्हणू लागले, त्याला कडी लावून ते गळ्यात गेलं. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपलं, पुतळ्या चालू राहिल्या, फक्त ठशावरच्या आकृत्या इकडच्या झाल्या आणि चकत्या पातळ होत गेल्या.

माळेची लांबी म्हणजे पुतळ्यांची संख्या, म्हणजे घरची स्थिती. पीक चांगलं आलं, एक वाढवली. मुलगा झाला, दोन वाढवल्या. दुष्काळात एकेक काढून सावकाराकडे गेली. इथे पुन्हा दोऱ्याचं काम. पुतळ्या समोरच्या बाजूला असतात, मागे दोरा. चार पुतळ्या गेल्या तर दोरा तेवढा लांब करायचा. माळ समोरून होती तिथेच, पदराखाली बाजू थोडी रिकामी. गावाला कळायला वेळ लागे. आजच्या एकसंध, सगळीकडून सारख्या पुतळीहारातून एक पुतळी काढता येत नाही. गहाण ठेवायचा तर अख्खा हार.

बोरमाळ, एकदाणी, जोंधळी पोत, जवमाळ. बोराएवढे, जोंधळ्याएवढे, जवाएवढे मणी. ओवलेले सगळे, म्हणून हवे तेवढे. रोजच्या वापरातली ही मधली लांबी, गळ्याखाली आणि छातीवर. स्वयंपाक करताना, धुणं धुताना, शेतात वाकताना पुढे लोंबणार नाही आणि मान हलवली तर टोचणार नाही अशी. ही मधली लांबी आता पातळ साखळीने घेतली आहे. साखळीबद्दल तक्रार नाही.

कोल्हापुरी साज. एकवीस पानं. त्यांतली दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक ताईत, असा हिशेब सांगतात. मासा, कासव, कमळ, चंद्र, बेलपान, शंख, भुंगा अशी ती पानं, मध्ये मणी. साज उरावर सपाट पडला पाहिजे, कारण पानं हलकी आणि रुंद असतात; खाली सुरकुती आली की दोन-तीन उलटी होतात आणि मागचा कोरा पत्रा दिसतो. लुगड्याचा पदर छातीवरून सपाट जात असे, त्यावर साज बरोबर बसे. पाचवारीच्या पिन लावलेल्या निऱ्यांवर तो कधीच सरळ बसत नाही. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत अजून साज मिळतो. पण पुष्कळदा तो आता लहान झालेला, निम्म्या पानांचा, गळ्याशी घालायचा असतो. निम्म्या पानांत दशावतार कसे बसवतात हे विचारू नये.

लाख. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या मण्यात आत भरलेली. साज, बोरमाळ, मोहनमाळ इतकी लांब आणि इतकी भरगच्च असू शकत असे ती लाखेमुळे. तोळ्याच्या हिशेबात (८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, आजच्या वजनात ११.६६४ ग्रॅम) नाभीपर्यंतची मोहनमाळ भरीव करायची तर घर विकावं लागलं असतं. लाखेने मणी मोठा ठेवला, हलका ठेवला, चेपण्यापासून वाचवला. मोडायला गेलं की सोनार लाख जाळून वजन करी, आणि मग माजघरात रडारड. आता बिलावर एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं छापलेलं हवं, २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा. त्यात फसवणूक कमी झाली हे चांगलंच. पण लाखेच्या वस्तूकडे ग्राहक संशयाने पाहू लागला, आणि लांब हार पुन्हा श्रीमंतांचा झाला. इतरांसाठी एक ग्रॅम सोन्याचा राणीहार.

पदरावरून काढणं. चंद्रहार, मोहनमाळ, चपलाहार, लक्ष्मीहार हे लांब हार पदराच्या वरून घ्यायचे. नेसून झालं, पदर घेतला, मग हार आतून बाहेर काढायचा आणि पदरावर नीट बसवायचा. हळदीकुंकवाला निघताना दारात होणारी ही शेवटची क्रिया. आखूड हार त्वचेवर, लांब हार कापडावर, इतका सरळ नियम. काठपदराच्या जरीवर चपट्या चकत्यांचा हार शोभत नाही, तिथे गोल मण्यांची मोहनमाळ हवी. उलट इरकलीच्या साध्या अंगावर लक्ष्मीहाराचं प्रत्येक नाणं मोजता येतं. पदराच्या निऱ्या करून खांद्यावर पिन लावण्याची पद्धत आली आणि लांब हार अडचणीत आला. निऱ्यांच्या वरून घेतला तर एका बाजूला घसरतो, आतून घेतला तर अर्धा झाकतो. मग पिन हारालाच लावतात. ती पिन काढताना पैठणी फाटते, ही वेगळी यादी.

शिंपी. ब्लाऊज शिवायला टाकताना तो विचारी, "यावर गळ्यात काय घालणार?" बंद गळा, चौकोनी गळा, मटका गळा, पानाचा गळा, हे सगळं त्या उत्तरावर ठरे. चिंचपेटी घालणार तर गळा चौकोनी, कारण पेट्याही चौकोनी आणि खाली तेवढी मोकळी जागा हवी. लांब चंद्रहार घालणार तर गळा वर, जवळजवळ बंद, म्हणजे हाराला कापडाची पाटी मिळते. रोजचा तर मंगळसूत्राच्या मापाने. आता गळा आधी ठरतो, मोबाईलमधल्या फोटोवरून, आणि हार नंतर त्यावर घ्यायचा असतो. तयार ब्लाऊज घेणारीला तर तेवढीही निवड नाही. शिंपी अजून विचारतात, पण ते विचारतात, "पॅड टाकू का?"

मंगळसूत्र. याच्या लांबीबद्दल लिहायला स्वतंत्र अंक लागेल. गळ्यालगतची गळसरी, गरसोळी, डोरलं. छातीपर्यंतचं दोन वाट्यांचं. पार खाली येणारं चार पदरी. आखूड आणि लांब अशी दोन एकाच वेळी घालणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत. आखूड त्वचेला लागून, आत. लांब पदरावर, चारचौघांसाठी. आतलं कधी काढायचं नाही, बाहेरचं निजताना खुंटीला. ही विभागणी सोयीची होती, कारण दोन्हींची कामं वेगळी.

मग ब्लाऊज आला, नोकरी आली, लोकल आली. लांब मंगळसूत्र गर्दीत कोणाच्या तरी पर्सच्या साखळीत अडकतं, मोटरसायकलवरून जाणारा ते ओढून नेतो, ड्रेसच्या ओढणीत गुंततं. ते आखूड होत गेलं. आखूड करताना काळे मणी कमी झाले, सोन्याची साखळी वाढली, वाट्यांच्या जागी हिऱ्याचा एक ठिपका. २०१३ च्या सुमारास एका मालिकेतल्या जान्हवीच्या गळ्यात लांब मंगळसूत्र दिसलं आणि बाजारात तेच नाव घेऊन मागणी सुरू झाली. दोन-चार वर्षं लांबी परत आली, पण फक्त लग्नाच्या वाढदिवसापुरती. आता मनगटावरचं मंगळसूत्रही मिळतं. जीन्सवर कोणती लांबी शोभते या प्रश्नाचं ते उत्तर आहे, आणि खरं सांगायचं तर वाईट उत्तर नाही. गळा उघडा, हात कामाचा, कोणी खेचून नेत नाही. आयांना पटत नाही तो वेगळा मुद्दा. ठुशी-शर्टाच्या वेळी मी मुलींच्या बाजूने होते, इथे नक्की सांगता येत नाही.

गाठवायला दिलेलं मंगळसूत्र परत येईपर्यंत गळ्यात हळकुंड बांधलेला दोरा घालत. तोही दोराच, तोही मानेच्या मापाने बांधलेला. आता ओवून मिळेपर्यंत दुकानातच बसतात. दहा मिनिटांचं काम, नायलॉनचा दोरा, तुटत नाही.

गौरी. सगळ्या लांब्या एका वेळी पाहायच्या असतील तर भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठेकडे जावं. मुखवट्याखालची मान बारीक, म्हणून ठुशीचा गोंडा पार वर. त्याखाली चिंचपेटी, मग मंगळसूत्र, मग बोरमाळ, पुतळ्या, साज, आणि सर्वांत खाली लक्ष्मीहार पदरावरून काढलेला. दोन-दोन बोटं अंतर ठेवून. घरातल्या ज्या बाईला हे क्रमाने लावता येतं तिलाच गौरी नेसवायला बोलावतात, आणि अशा बायका प्रत्येक कुटुंबात आता एक किंवा दोन उरल्या आहेत. बाजारात गौरीच्या दागिन्यांचा तयार सेट मिळतो. त्यात सगळे हार एकाच पट्टीवर, पायऱ्यांसारखे, आधीच जोडलेले असतात. एक आकडा लावला की झालं. तिसऱ्या दिवशी विसर्जन, सेट डब्यात.

पुरुषांचे गळे. मोत्यांचा कंठा, सोन्याचा गोफ. अंगरख्याच्या तिरक्या बंदावर कंठा उजवीकडे सरकू नये म्हणून तो गळ्याशी घट्ट घेत. सदऱ्याच्या काळात गोफ आत गेला. नंतर वरची तीन बटणं उघडी टाकणाऱ्यांनी तो पुन्हा बाहेर काढला, बोटाएवढा जाड करून. लांबीबद्दल या मंडळींत एकमत आहे: दिसला पाहिजे.

सोळा, अठरा, वीस, बावीस, चोवीस. दुकानाच्या काउंटरवर आता हे आकडे ऐकू येतात, इंच न म्हणता. सोळा गळ्याशी, अठरा हाडाखाली, वीस-बावीस छातीवर, चोवीस कुर्त्यावर. ही मापं वाईट नाहीत, कुर्ता, ड्रेस, टीशर्ट यांना ती बरी पडतात. व्ही गळ्याच्या कुर्त्याला अठरा, कारण पदक त्रिकोणाच्या आत राहतं. बंद गळ्याला चोवीस. साडीच्या ब्लाऊजला मात्र अठरा म्हणजे नेमकी ती कडेवर आपटणारी लांबी, आणि सर्वांत जास्त खपते तीच. दुकानात मांडलेल्या मखमलीच्या काळ्या गळ्यावर ती छान दिसते, कारण त्या गळ्याला ब्लाऊज नाही.

बाळाच्या गळ्यातलं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं वाघनख, जिवती, ताईत. याची लांबी ठरवण्याची रीत सर्वांत कडक होती. आत एक बोट जायला हवं, दोन नकोत. आणि ओढून तोंडापर्यंत पोहोचता कामा नये. बाळ मोठं होई तसा दर काही महिन्यांनी दोरा बदलायचा, जुना तुळशीत टाकायचा. डॉक्टर आता बाळाच्या गळ्यात काहीच बांधू नका म्हणून सांगतात, आणि ते बरोबर सांगतात. दोरा पाळण्याच्या कडेला अडकला तर फास बसतो. म्हणून गळ्यातलं सगळं मनगटावर आलं. काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या बारशाच्या आधी आजी बाळाचं मनगट धरून, मणी मोजून ओवत असे. आता त्या इलॅस्टिकवर ओवलेल्या मिळतात, जोडीने, प्लॅस्टिकच्या डबीत. शून्य ते दोन वर्षं, सगळ्यांना एकच माप.